गाडी मामांची, चलान भाच्याचं, समन्स कुणाचं?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : गाडी नात्यातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर, चालवणारा वेगळा आणि तिच्यावर साचलेली ई-चलानं. म्हणून इतर प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवून फक्त हीच पत्रं घेतली आहेत. उत्तरं महाराष्ट्रात नोंदलेल्या खासगी गाड्यांपुरती आहेत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि मामांची मोटार वापरतो. गाडी कोल्हापूरच्या पत्त्यावर, मामांच्याच नावावर आहे. तिच्यावर सात चलानं झाली आहेत : तीन वेगाची, दोन नो-पार्किंगची, एक सीटबेल्टचं, एक मोबाइलवर बोलल्याचं. आता मामांच्या घरी पुण्याच्या कोर्टाचं समन्स आलंय. मामा ७१ वर्षांचे आहेत, प्रवास झेपत नाही. त्यांच्याऐवजी मी कोर्टात उभा राहिलो तर चालेल का? — एक वाचक, पुणे

समन्स मामांच्या नावाचं असेल, तर त्यांच्या जागी तुम्हाला उभं राहता येणार नाही. पण मामांनी स्वतः पुण्याला आलंच पाहिजे असंही नाही. काय करता येईल ते टप्प्याटप्प्याने पाहू. त्याआधी, समन्स तुम्हाला न येता मामांना का आलं?

कॅमेऱ्याला दिसते ती नंबरप्लेट. त्या नंबरावर परिवहन विभागाच्या ‘वाहन’ नोंदीत ज्याचं नाव, त्याला चलान जातं आणि पुढे समन्सही. मात्र वेग, मोबाइल, सिग्नल हे गुन्हे चालवणाऱ्याचे आहेत. हा सांधा जोडण्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम १३३ आहे. अधिकार असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, तर गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसनचा तपशील मालकाने द्यायचा असतो. माहिती जाणूनबुजून लपवली किंवा खोटी दिली तर कलम १७९ लागतं : एक महिन्यापर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ‘कोण चालवत होतं आठवत नाही’ असं मामांना सांगायला लावू नका, आणि ‘मीच चालवत होतो’ असं तर अजिबात नको.

पहिलं काम यादीचं. महाट्रॅफिकच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा अॅपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका; हे आकडे आरसी बुकवर असतात. प्रत्येक चलान उघडून तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि रक्कम लिहून घ्या. फोटो उतरवून ठेवा आणि तो मोठा करून नीट पाहा. यंत्राने किंवा माणसाने प्लेट वाचताना ‘बी’चा ८, ‘डी’चा शून्य, ‘एन’चा ‘एम’ होतो, आणि सातांतलं एखादं चलान भलत्याच गाडीचं निघतं. तसं असेल तर त्याच अॅपमधून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. असं चलान भरून मोकळं व्हायचं नाही.

मग समन्स वाचा. त्यावर खटल्याचा क्रमांक असतो. तो बहुधा ‘एस. सी. सी.’ने सुरू होतो, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. सोबत कलम आणि गुन्ह्याची तारीख असते. त्यावरून सातांपैकी नेमकी कोणती चलानं कोर्टात गेलीत ते ताडून घ्या. पुष्कळ जण सगळी चलानं कोर्टात गेली असं धरून चालतात. प्रत्यक्षात एक-दोनच गेलेली असतात आणि बाकीची पोर्टलवर भरण्यासारखी असतात.

आता वर्गवारी. नो-पार्किंग कलम १७७ खाली येतं : पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा घडलं तर १,५०० पर्यंत. सीटबेल्ट कलम १९४-ब, दंड १,००० रुपये. फोटो खरा असेल तर ही तीन पोर्टलवर आजच भरा. पैसे कुणाच्याही खात्यातून भरता येतात, म्हणून तुमच्याच खात्यातून जाऊ द्या. अशी रक्कम भरणं म्हणजे कलम २०० खालची तडजोड. त्या चलानापुरती पुढची कारवाई थांबते. एक बाब मात्र फारशी कुणी सांगत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तडजोड झालेला गुन्हासुद्धा ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. मामांच्या नावावर एकामागून एक चलानं भरत राहिलात, तर पुढच्या वेळी वाढीव दंड दारात उभा असेल.

उरली चार, आणि काळजी घ्यायची ती इथेच. वेगमर्यादा ओलांडणं हे कलम १८३ : हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड, आणि दुसऱ्या वेळी हाच गुन्हा सिद्ध झाला तर चालकाचं लायसन जमा करण्याची तरतूद. मोबाइल हातात धरून चालवणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, कलम १८४. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मोबाइलच्या बाबतीत तडजोड होऊ शकते. कलम १८४ मधल्या बाकीच्या प्रकारांना ती सवलत नाही.

अशा खटल्यात मामांनी ‘गुन्हा कबूल’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘गाडीच्या मालकीपोटी दंड भरतो’ असा होत नाही. ‘त्या वेळी गाडी मी चालवत होतो आणि गुन्हा मी केला’ असा होतो. गुन्हा त्यांच्या नावावर सिद्ध होतो आणि लायसनवर आच येते ती त्यांच्या. कोल्हापुरात घरी बसलेल्या माणसाने पुण्यातल्या स्टिअरिंगचा गुन्हा अंगावर घेऊ नये. घरातली माणसं आपुलकीपोटी हे करतात. तरीही आमचं मत ठाम आहे की असं करू नये. पुढे विमा दाव्यात किंवा अपघाताच्या खटल्यात चालक कोण हा प्रश्न निघतो, तेव्हा कागदावरची ही कबुली आडवी येते.

म्हणून मामांच्या सहीचं एक पत्र तयार करा. वाहतूक शाखेच्या ज्या कार्यालयाने चलान केलं त्याच्या नावे, विषय ‘कलम १३३ नुसार चालकाची माहिती’. त्यात गाडीचा नंबर, चलान क्रमांक, तारीख-वेळ, चालक म्हणून तुमचं पूर्ण नाव, पत्ता, लायसन क्रमांक. सोबत तुमच्या लायसनची छायाप्रत आणि ‘त्या वेळी वाहन मी चालवत होतो’ असं तुमचं सहीचं निवेदन. निवेदन देण्याआधी वकिलाला दाखवा, कारण ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. पत्र हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, किंवा पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवा. हीच शिक्क्याची प्रत कोर्टात दाखवायची आहे.

कोर्टासाठी मामांपुढे तीन मार्ग आहेत. एक, पुण्यातल्या वकिलाला वकीलपत्र द्यायचं. ते कोल्हापुरात सही करून पाठवता येतं. वकील पहिल्या तारखेला हजर राहून वय आणि तब्येतीच्या कारणाने हजेरी माफीचा अर्ज देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ नुसार न्यायालय प्रत्यक्ष हजेरीतून सूट देऊ शकतं. डॉक्टरांचा दाखला अर्जासोबत जोडा. दोन, मोटार वाहन कायद्याचं कलम २०८. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याच्या समन्सवरच लिहिलेलं असायला हवं की आरोपी वकिलामार्फत येऊ शकतो किंवा ठरावीक तारखेपूर्वी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवू शकतो. वेगाच्या खटल्यात ही सोय द्यावीच लागते. मोबाइलच्या खटल्यात कैदेची तरतूद असल्याने ती द्यायची की नाही, हे न्यायालय ठरवतं. पण कबुलीचा अर्थ वर सांगितला तोच, त्यामुळे तुमच्या बाबतीत हा मार्ग उपयोगाचा नाही. तीन, मामांनी स्वतः येणं.

तुम्ही अधिकारपत्र घेऊन गेलात तर काय होईल? मुदत मागण्याचा अर्ज देता येईल, कागद दाखवता येतील, आणि न्यायालय ऐकूनही घेईल. पण आरोपीच्या वतीने कबूल-नाकबूल सांगणं किंवा साक्षीदाराची उलटतपासणी घेणं हे अधिकारपत्रावर होत नाही. ते काम वकिलाचं.

तारखेच्या दिवशी सोबत असू द्या : मूळ समन्स, ओळखपत्र, आरसी, त्या काळातला विमा आणि पीयूसी, फोटोसह चलानाच्या प्रती, भरलेल्या चलानांच्या पावत्या, आवक शिक्का असलेलं पत्र. खटल्याचा बोर्डावरचा (त्या दिवसाच्या यादीतला) क्रमांक आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्स अॅपवर पाहता येतो. काम सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. पुकारा झाला आणि तुमच्याकडचं कुणी जागेवर नसेल, तर गैरहजेरी लागते आणि जामीनपात्र वॉरंट निघू शकतं. चहाला गेल्यामुळे वॉरंट निघालेली माणसं प्रत्येक कोर्टात सापडतील. तसं झालंच तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या.

‘नाकबूल’ म्हटल्यावर लगेच साक्षीपुरावा होत नाही, पुढची तारीख पडते. पोलिसांनी चलान करणारा अधिकारी, फोटो आणि त्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणायचं असतं. पूर्वी हे प्रमाणपत्र पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतं. कागदपत्रांच्या प्रती मागून घ्या. चालक म्हणून तुम्ही समोर आलात की खटला तुमच्याकडे वळू शकतो; तेव्हा कबूल करायचं की लढायचं हे फोटो पाहून ठरवा. फोटोत तुमचा चेहरा आणि कानाला फोन स्वच्छ दिसत असेल, तर तारखा घेत बसण्यात अर्थ नाही.

कोर्टाचा दंड चलानावरच्या आकड्याइतकाच असेल असं नाही. कलमाच्या किमान-कमाल मर्यादेत न्यायालय तो ठरवतं. रक्कम कोर्टाच्या नाझर (पैसे भरून घेणाऱ्या) विभागात भरून पावती घ्यायची. आवारात ‘मिटवून देतो’ म्हणत फिरणाऱ्या कुणाच्याही हाती रोख देऊ नका. पावती नाही तर दंड भरलेला नाही, इतकं हे सरळ आहे. आणि पावती मिळाली म्हणजे पोर्टलवरचं चलान आपोआप मिटलं असंही नाही. आठ-दहा दिवसांनी पाहा. तरीही थकबाकी दिसत असेल, तर पावती आणि आदेशाची प्रत घेऊन वाहतूक शाखेत नोंद करून घ्या. नाहीतर मामा गाडी विकायला काढतील तेव्हा हेच चलान पुन्हा डोकं वर काढेल.

प्रश्न : दिरांची गाडी आम्ही वापरतो. द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान झालं होतं, ते आम्हाला पाच महिन्यांनी कळलं. इतक्या उशिरा कळलेलं चलान रद्द होतं का? — एक वाचक, पनवेल

आपोआप रद्द होत नाही. पण वेगाच्या गुन्ह्यात उशिराला कायद्यात वजन आहे, आणि ते पुष्कळांना माहीत नसतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम २०९ पाहा. कलम १८३ किंवा १८४ खाली शिक्षा करायची, तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते : गुन्ह्याच्या वेळीच ‘तुमच्यावर खटला होईल’ अशी ताकीद; किंवा १४ दिवसांच्या आत चालकाला अथवा नोंदणीकृत मालकाला नोटीस; किंवा २८ दिवसांच्या आत समन्स. कॅमेऱ्याच्या चलानात ताकीद देणारं कुणी नसतं, त्यामुळे प्रश्न नोटिशीचा उरतो. कायद्यातले शब्द नोटीस बजावण्याचे किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवण्याचे आहेत. नुसता एसएमएस त्यात बसतो का, हा मुद्दा न्यायालयात मांडायचा असतो. रस्त्यावरच्या हवालदाराशी वाद घालून काही साधत नाही. कलमाला अपवादही आहे : मालकाचं नाव-पत्ता वाजवी प्रयत्न करूनही वेळेत कळला नाही असं न्यायालयाला पटलं, तर उशीर माफ होतो. कॅमेऱ्यांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ आला. त्यात नोटीस १५ दिवसांत पाठवावी, कॅमेऱ्याला मंजुरीचं प्रमाणपत्र असावं, टेहळणीच्या पट्ट्याआधी ठळक फलक असावेत अशा अटी घातल्या गेल्या.

दुसरी गोष्ट खटला दाखल करण्याच्या मुदतीची. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार सहा महिन्यांत तक्रार न्यायालयात यावी लागते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला कलम ५१९ खाली आहे. पण सहा महिने उलटले म्हणून पोर्टलवरची थकबाकी पुसली जात नाही, ती तशीच दिसत राहते.

हे सगळं हाती घेण्याआधी दिरांना विचारा, ‘वाहन’ नोंदीत मोबाइल नंबर कुणाचा आहे? बहुतेक घरांत तो गाडी घेताना शोरूमवाल्याने किंवा एजंटने टाकलेला असतो, किंवा दहा वर्षांपूर्वी बंद झालेला असतो. मेसेज वेळेवर गेला आणि तुमच्या चुकीच्या नंबरामुळे पोहोचला नाही, तर वरचा सगळा युक्तिवाद लुळा पडतो. ‘परिवहन’ संकेतस्थळावर नंबर बदलता येतो, तो आजच बदला. पत्ता बदलला असेल तर आरसीवरही बदलून घ्या.

प्रश्न : सासऱ्यांच्या फोनवर ‘थकीत चलानासाठी लोक अदालतीत हजर राहा’ असा मेसेज आला. गेलंच पाहिजे का? दंड अर्धा होतो असं ऐकतो, ते खरं का? — एक वाचक, नाशिक

लोक अदालत शिक्षा देणारं कोर्ट नव्हे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली ती दोन्ही बाजूंच्या संमतीने वाद मिटवते. संमती नसेल तर तिथे निकाल होत नाही, प्रकरण नेहमीच्या वाटेने पुढे जातं. त्यामुळे न जाणं हा वेगळा गुन्हा नाही, पण थकलेलं चलान तिथून समन्सकडे सरकतं. अर्ध्या दंडाची हमी कुणी देऊ शकत नाही. काही वेळा रक्कम कमी होते, काही वेळा चलानावरचा आकडाच भरावा लागतो. जाण्यापूर्वी एक लक्षात घ्या, लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. चलान चुकीचं असेल, फोटोतली गाडी तुमची नसेल, तर तिथे सही करू नका. चलान बरोबर आहे आणि फक्त एकदाचं मिटवायचंय, तर ती सोयीची जागा आहे : कोर्ट फी नाही, काम एका दिवसात. सासरे येऊ शकत नसतील तर त्यांचं सहीचं अधिकारपत्र, त्यांच्या आणि तुमच्या ओळखपत्राच्या प्रती आणि आरसीची प्रत घेऊन जा. स्वीकारायचं की नाही ते पॅनेल ठरवतं, म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

व्हर्च्युअल कोर्टाचा, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयाचा, मेसेज मात्र निराळा. तिथे गाडीचा किंवा चलानाचा नंबर टाकला की प्रस्तावित दंड दिसतो. भरला तर प्रकरण मिटतं; आव्हान द्यायचा पर्याय निवडला तर ते प्रत्यक्ष न्यायालयाकडे जातं आणि तारखा सुरू होतात. हा पर्याय सहज म्हणून दाबायचा नाही.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर चलानाची फाइल आली, उघडली तर अॅप घ्यायला सांगते. — एक वाचक, जळगाव

उघडू नका. ‘एपीके’ने संपणारी फाइल म्हणजे चलान नव्हे, तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचण्यासाठी ती फोनमध्ये घुसवतात. चलान खरं असेल तर ते महाट्रॅफिकवर किंवा परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीच्या नंबराने दिसतंच. फाइल बसवली गेली असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार द्या.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझी मोटार मेहुण्याला दिली. घरातलाच व्यवहार म्हणून नाव बदललं नाही. आता त्याची चलानं मला येतात आणि तो दाद देत नाही. — एक वाचक, सोलापूर

कायद्याच्या नजरेत गाडी अजून तुमची आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी. म्हणजे चलानापेक्षा मोठी जोखीम तुमच्या डोक्यावर आहे. उद्या त्या गाडीने कुणाला धडक दिली आणि विमा संपलेला असेल, तर भरपाईची नोटीस तुम्हाला येईल.

कलम ५० प्रमाणे देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मुदत केव्हाच गेली, तरी अर्ज आजही करता येतो, विलंबाचं शुल्क भरावं लागतं. तुमच्याकडून नमुना २९ दोन प्रतींत, मेहुण्याकडून नमुना ३०. गाडीवर कर्ज होतं तर बँकेचा नमुना ३५ आणि ना-हरकत दाखला. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर नमुना २८. चालू विमा आणि पीयूसी हवेतच. प्रत्यक्षात अडतं ते थकलेल्या चलानांपाशी, कारण ती शिल्लक असताना हस्तांतराचं काम पुढे सरकत नाही. म्हणून ती आधी भरा, पैशांचा हिशेब मेहुण्याशी नंतर लेखी करा.

तो सहीच करत नसेल, तर व्यवहाराची तारीख दाखवणारे कागद गोळा करा : बँकेतून आलेले पैसे, मेसेज, विम्याचं नूतनीकरण कुणी केलं. नमुना २९ भरून आरटीओत द्या, पोच घ्या, आणि मेहुण्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवा. नवीन येणाऱ्या प्रत्येक चलानाला कलम १३३ च्या पत्राने उत्तर द्या. नाती जपायची म्हणून गप्प बसण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. या बाबतीत गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

प्रश्न : वडील वारले. गाडी त्यांच्याच नावावर आहे आणि आई व मी वापरतो. त्यांच्या नावाने चलानं येतात, एकावर कोर्टाची नोटीसही आहे. — एक वाचक, अमरावती

दिवंगत व्यक्तीवर फौजदारी खटला चालत नाही. मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, समन्सची प्रत आणि दोन ओळींचा अर्ज त्या न्यायालयात द्या. खटला त्यांच्यापुरता संपतो. चलान त्यांच्या निधनानंतरच्या तारखेचं असेल, तर तेव्हा गाडी कुणी चालवली हा प्रश्न तुमच्याकडे येणारच, आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं.

मूळ दुखणं नोंदीचं आहे. केंद्रीय नियम ५६ सांगतो की मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवलं, तर तीन महिने गाडी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करायचा. तुमची मुदत टळली असेल तरी अर्ज करा. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, पीयूसी, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. बहीण असेल तर तिची सही विसरू नका; अर्ज परत येण्याचं ते नेहमीचं कारण आहे. विमा कंपनीलाही वेगळं कळवा, आरटीओत नाव बदललं म्हणून पॉलिसीवरचं बदलत नाही.

आईच्या नावावर गाडी घेणार असाल आणि पुढे तिच्यावर खटला आला, तर एक सोय ध्यानात ठेवा : महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज करायचा असतो.

प्रश्न : आत्याची स्कूटर माझा १७ वर्षांचा मुलगा घेऊन गेला आणि पकडला गेला. हे चलान ऑनलाइन भरता येईल का? — एक वाचक, सांगली

नाही. अल्पवयीनाने गाडी चालवण्याबद्दलचं कलम १९९-अ तडजोडयोग्य नाही, प्रकरण न्यायालयातच जातं. यात पालक किंवा वाहनमालक दोषी धरले जातात : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. गाडी तुमच्या संमतीनेच दिली असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण सगळी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आणि आत्यांवर. किल्ली कुठे असते, मुलाला ती कशी मिळाली, हे प्रश्न येतील. मुलाकडे शिकाऊ लायसन असेल आणि त्या लायसनवर ती गाडी चालवता येत असेल तर गोष्ट वेगळी. पण १६ ते १८ वयात ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं मिळतं, आणि आजच्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या आहेत. पहिल्या तारखेआधी वकील करा, आणि तुमची व आत्यांची बाजू एकच आहे असं धरून एकच वकील करू नका. गाडी कुणी दिली यावर ती वेगळी होऊ शकते.

प्रश्न : भावाची गाडी घरासमोर उभी होती आणि त्याच दिवशी मुंबईत तिच्यावर चलान झालं. फोटोत नंबर आमचाच, गाडीही त्याच मॉडेलची. — एक वाचक, कराड

ही दुहेरी नंबराची शंका आहे, आणि ती चलानापुरती समजू नका. त्या नंबराची दुसरी गाडी चोरीत किंवा अपघातात सापडली, तर पहिली विचारणा तुमच्या भावाकडे होईल.

फोटो मोठा करून फरक शोधा : काचेवरचे स्टिकर, बंपरवरचे ओरखडे, चाकांच्या टोप्या, छतावरचे रेल, मागचा वायपर. सगळ्यात उपयोगाची प्लेटच. उच्च सुरक्षा नंबरप्लेटवर डावीकडे वर अशोकचक्राचा चकाकता होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’ अक्षरं आणि खालच्या कोपऱ्यात लेसरने कोरलेला क्रमांक असतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही प्लेट कंपनीकडूनच येते, आधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची केली आहे. भावाच्या गाडीला ती बसवलेली असेल आणि फोटोतली प्लेट साधी असेल, तर मुद्दा तिथेच ठरतो.

मग त्या दिवशी गाडी कराडलाच होती हे दाखवणारं काय काय आहे ते पाहा : फास्टॅगचा त्या आठवड्याचा उतारा, सोसायटीचा किंवा दुकानाचा सीसीटीव्ही, गॅरेजचं बिल. सीसीटीव्ही लगेच मागून घ्या, थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं चित्रीकरण चढतं. भावाच्या गाडीचे चारही बाजूंनी, प्लेट स्पष्ट दिसेल असे फोटो काढा. महाट्रॅफिक अॅपवर तक्रार, चलान करणाऱ्या वाहतूक शाखेला पुराव्यासह अर्ज, आणि कराडच्या पोलीस ठाण्यात बनावट नंबरप्लेटची स्वतंत्र लेखी तक्रार, अशा तिन्ही जागी पोच घ्या. अर्ज भावाच्या सहीने जाऊ द्या, आरसीवर नाव त्याचं आहे. चलान तोवर भरू नका. भरलं की ती गाडी आपलीच होती असं मान्य केल्यासारखं होतं, आणि पुढच्या चलानाच्या वेळी तीच पावती तुमच्यासमोर ठेवली जाते.